कांदाचाळीतील नोंदयंत्रासाठी लिथियम-आयन चार्जिंग सर्किट : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आमच्या चौघांच्या गटाने कांदाचाळीतील तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे यंत्र निवडले आहे. गटातील एक मैत्रीण जुन्नर तालुक्यातली असून तिच्या काकांची चाळ आम्हाला वापरायला मिळणार आहे. सेन्सर आणि ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या नियंत्रक-बोर्डाचा भाग इतर तिघांनी वाटून घेतला आणि बॅटरी व चार्जिंग माझ्याकडे आले. सुरुवातीला हा भाग मला सर्वांत सोपा वाटला होता, कारण तयार चार्जर मॉड्यूल बाजारात वडापावच्या भावात मिळते.

आज काकांशी फोनवर बोलणे झाले. यंत्र मोबाइलच्या साध्या पाच व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालेल आणि वीज गेली की बॅटरीवर जाईल, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "बाळांनो, ती बॅटरी पेटते ना कधी कधी? चाळीला बांबू आहेत, वर पाचट आहे. नंतर मी काय करू?" मला लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून या वहीचा विषय मी 'चार्जिंग सर्किट' असा न ठेवता 'सुरक्षित चार्जिंग सर्किट' असा ठेवला आहे.

त्यांच्या प्रश्नामुळे एक गोष्ट आजच ठरली. बॅटरीचा डबा चाळीच्या आत न ठेवता बाहेरच्या सिमेंटच्या खांबावर बसवायचा आणि आत फक्त सेन्सरची ३.३ व्होल्टची वायर न्यायची.

१३ फेब्रुवारी

सेल घेण्यासाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. आम्हाला १८६५० आकाराचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा एकच सेल हवा होता. पहिल्या दुकानात ९८०० मिलिअँपिअर-तास असे छापलेला सेल अगदी स्वस्तात मिळत होता. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, त्यामुळे छापलेला आकडा खरा असणे शक्यच नव्हते. तरीही तुलनेसाठी तो एक घेतला. दुसऱ्या दुकानातून भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह असलेले, २६०० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल घेतले. लिथियम सेलसाठी आपल्याकडे आयएस १६०४६ हे मानक असून त्याखालची नोंदणी सक्तीची आहे.

खोलीवर येऊन तिन्ही सेल वजनकाट्यावर ठेवले. चांगले दोन्ही ४६ ग्रॅमच्या आसपास भरले आणि ९८०० वाला ३३ ग्रॅमच भरला. पुढे ५०० मिलिअँपिअरने रिकामा केल्यावर त्यातून १,१२० मिलिअँपिअर-तास निघाले. त्यावर लाल खडूने फुली मारून तो चाचण्यांतून बाद केला. आत काय भरले आहे हेच ज्याच्याबाबत ठाऊक नाही, त्याच्यासाठी कोणती मर्यादा सुरक्षित मानायची हेही ठरवता येत नाही.

१५ फेब्रुवारी

चाचणीची जागा ठरली. नऱ्ह्यातील आमच्या खोलीच्या गॅलरीत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला असून शेजारी वाळूची बादली आहे. खोलीत कोणी नसताना चार्जिंग करायचे नाही, आणि झोपताना तर नाहीच.

२१ फेब्रुवारी

लिथियम-आयन सेल दोन टप्प्यांत भरतो. पहिल्या टप्प्यात प्रवाह स्थिर ठेवला जातो आणि व्होल्टेज चढत जाते. ते ४.२ व्होल्टवर पोचले की व्होल्टेज तिथेच रोखून धरायचे आणि प्रवाह आपोआप कमी होऊ द्यायचा. प्रवाह ठरलेल्या मूल्याच्या दहाव्या भागावर आला की चार्जिंग पूर्ण बंद करायचे. शिशाच्या बॅटरीसारखा याला सतत बारीक प्रवाह देत राहणे योग्य नाही. तयार चार्जर मॉड्यूलवरची टीपी४०५६ ही आयसी (चिप) एवढे सगळे स्वतः करते. चार्जिंगचा प्रवाह प्रोग पायावरच्या रेझिस्टरवरून ठरतो : १२०० ला त्या रेझिस्टरच्या ओहममधील मूल्याने भागले की अँपिअर मिळतात. तयार मॉड्यूलवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे प्रवाह १ अँपिअर होतो.

ही आयसी रेषीय पद्धतीची आहे. म्हणजे आत येणारे ५ व्होल्ट आणि सेलचे व्होल्टेज यांतला फरक ती उष्णतेच्या रूपात उडवून देते. सेल ३.३ व्होल्टवर असताना १ अँपिअरला ही उष्णता १.७ वॉट होते आणि नखाएवढ्या आयसीसाठी ती फार आहे. आज प्रत्यक्षात दहा मिनिटांत मॉड्यूलला बोट लावणे अशक्य झाले. आयसी जास्त तापली की स्वतःच प्रवाह कमी करते, त्यामुळे ती सहसा जळत नाही. मात्र बंद डब्यात तिची उष्णता शेजारच्या सेलला मिळेल, आणि माझी खरी चिंता ती आहे. म्हणून रेझिस्टर बदलून २.४ किलोओहमचा बसवला. आता प्रवाह ४८७ मिलिअँपिअर मोजला गेला आणि उष्णता निम्म्यावर आली. आम्हाला चार्जिंगची घाई नाही, यंत्र चोवीस तास अ‍ॅडॅप्टरवरच राहणार आहे.

आणखी एक मोजमाप केले. डेटाशीटप्रमाणे ४.२ व्होल्टमध्ये दीड टक्क्याची चूक चालते, म्हणजे एखादी आयसी ४.२६ व्होल्टपर्यंत चढवू शकते, आणि आमच्या सेलची मर्यादा मात्र ४.२५ आहे. आणलेली सहाही मॉड्यूल तपासली. अंतिम व्होल्टेज ४.१७ पासून ४.२२ पर्यंत मिळाले. ४.१९ देणारे मॉड्यूल वापरायला निवडले.

२८ फेब्रुवारी

आज जे लक्षात आले त्यामुळे 'संरक्षणासह मॉड्यूल' या शब्दांवरचा माझा विश्वास बराच कमी झाला. टीपी४०५६ च्या पहिल्या पायाचे नाव टेम्प आहे. सेलला चिकटवलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा घटक, त्याला जोडला, तर सेल फार गार किंवा फार गरम असताना आयसी चार्जिंग थांबवते. बाजारातल्या मॉड्यूलवर हा पाय सरळ ग्राउंडला जोडलेला आहे आणि तसे जोडले की तापमान पाहण्याची सोय बंद होते. म्हणजे आयसीमध्ये सोय आहे, पण मॉड्यूल बनवणाऱ्याने दोन रेझिस्टर आणि एक थर्मिस्टर वाचवण्यासाठी ती मिटवून टाकली आहे.

सेल चार्ज करण्याची आमच्या डेटाशीटमधील तापमानमर्यादा ० ते ४५ अंश सेल्सिअस आहे. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम ऋणाग्राच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूरूपात साचू लागते, आणि ४५ च्या वर आतील रासायनिक झीज वेगाने वाढते. टेम्प पायावरचे व्होल्टेज पुरवठ्याच्या ४५ टक्क्यांखाली किंवा ८० टक्क्यांवर गेले की आयसी थांबते. तुलना पुरवठ्याच्या टक्केवारीशी असल्याने अ‍ॅडॅप्टर ४.९ व्होल्ट देतो की ५.२, याने फरक पडत नाही, ही यातली चांगली बाजू आहे.

आमचा थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहम आणि बी-मूल्य (तापमानाबरोबर रोध किती बदलतो ते सांगणारा आकडा) ३९५० असा आहे. सूत्राने काढल्यास त्याचा रोध ० अंशांना ३३.६ आणि ४५ अंशांना ४.३५ किलोओहम येतो. पुरवठा आणि टेम्प यांच्यामध्ये एक रेझिस्टर, टेम्प आणि ग्राउंड यांच्यामध्ये दुसरा, आणि दुसऱ्याला समांतर थर्मिस्टर, अशी मांडणी आहे. दोन्ही मर्यादांची समीकरणे सोडवल्यावर पहिला रेझिस्टर ४.८६ आणि दुसरा ४६ किलोओहम आला. दुकानात मिळणारी जवळची मूल्ये दुसऱ्यासाठी ४७, आणि पहिल्यासाठी ४.७ किंवा ५.१ अशी आहेत. ४.७ घेतला तर चार्जिंगची चौकट साधारण १ ते ४६ अंश होते, ५.१ घेतला तर उणे १ ते ४४ अंश होते. पुस्तकी उत्तर पहिले ठरेल, कारण त्यात गारठ्याची मर्यादा पाळली जाते. पण जुन्नरकडे कडाक्याच्या थंडीत पारा सात-आठ अंशांवर येतो, शून्यावर येत नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या आडोशाला ठेवलेला डबा मात्र ४५ अंश सहज गाठेल. ज्या बाजूने धोका येणार आहे त्याच बाजूला मर्यादा आवळावी, या विचाराने ५.१ किलोओहम पक्का केला.

पाय उचलण्याचे काम नाजूक होते. सोल्डरिंग आयर्नचे टोक पहिल्या पायावर ठेवून कथील वितळले की खालून शिवणाची सुई सरकवून पाय किंचित वर उचलायचा, अशी युक्ती केली. पहिल्या मॉड्यूलवर पाय मुळातूनच तुटला. दुसऱ्यावर तो उचलला गेला आणि त्याला केसाएवढी बारीक इनॅमलची तार जोडून वर गरम गोंदाचा थेंब टाकला.

४ मार्च

सहकाऱ्याने सेल उलटा बसवला. क्षणात वास आला आणि एक आयसी गेली. टीपी४०५६ ला उलटी बॅटरी सहन होत नाही. अंतिम यंत्रात होल्डर ठेवणार नाही, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंग केलेला सेल कायमचा जोडू.

८ मार्च

थर्मिस्टरची चाचणी तो सेलपासून वेगळा ठेवून केली, कारण सेल मुद्दाम तापवणे मला मान्य नव्हते. चार्जिंग होत असलेला सेल फरशीवरच राहिला. थर्मिस्टरवर हीट-श्रिंक नळी चढवली आणि तो तापमापीसह फुलपात्रातल्या कोमट पाण्यात सोडला. वरून थोडे थोडे गरम पाणी ओतत गेलो. ४३ अंशांपर्यंत मॉड्यूलवरचा चार्जिंगचा लाल दिवा चालू होता आणि ४४ च्या किंचित अलीकडे तो विझला. निळा दिवाही लागला नाही, म्हणजे आयसीने 'पूर्ण भरले' असे नव्हे तर 'थांबलो आहे' असे सांगितले. पाणी निवले तसे चार्जिंग पुन्हा सुरू झाले. मर्यादेच्या अगदी काठावर दिवा काही वेळ लुकलुकला, पण त्याने काही बिघडत नाही. गणिताने ४३.७ अंश सांगितले होते. हे समीकरण पहिल्याच फटक्यात जुळल्याचा आनंद मी लपवत नाही.

१६ मार्च

एक दुरुस्ती केली की दुसरी गोष्ट बिघडते, याचा अनुभव धुळवडीनंतर लगेच आला. वीज असताना ईएसपी३२ चे वायफाय चालू राहते, म्हणजे काकांना मोबाइलवर आकडे दिसतील. त्या वेळी यंत्र सरासरी ८० मिलिअँपिअर घेते. प्रवाह १ अँपिअर ठेवला होता तेव्हा आयसी १०० मिलिअँपिअरवर चार्जिंग संपवत असे. तो निम्मा केल्यावर ही मर्यादा ५० वर आली. यंत्र सेलच्याच टोकांवर जोडलेले असल्याने आयसीला कायम ८० मिलिअँपिअर जाताना दिसतात, सेल अजून भरतो आहे असा तिचा समज होतो आणि ती कधीच थांबत नाही. सेल दिवसरात्र ४.२ व्होल्टवर ताणलेला राहतो, तेही उन्हाळ्यात.

यावर उपाय म्हणजे भार वेगळा करणे. वीज असताना यंत्राने अ‍ॅडॅप्टरवरून १एन५८१९ या शॉट्की डायोडमार्गे, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणाऱ्या घटकातून, प्रवाह घ्यावा. वीज गेली की एओ३४०१ या पी-चॅनेल मॉस्फेटने, म्हणजे गेट या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या स्विचने, सेल यंत्राला जोडावा. मॉस्फेटचे गेट अ‍ॅडॅप्टरच्या ५ व्होल्टला जोडलेले असते आणि १०० किलोओहममधून ग्राउंडला ओढलेले असते. वीज असेपर्यंत गेट उंच आणि मॉस्फेट बंद, वीज गेली की गेट खाली आणि मॉस्फेट चालू. आज हे झीरो पीसीबीवर जोडले. वीज काढली-लावली तरी ईएसपी३२ एकदाही रीसेट झाले नाही. सगळे समाधानाने चहाला गेलो.

१८ मार्च

कालपरवाचे समाधान फोल होते.

संध्याकाळी चार्जिंग पूर्ण झाले, निळा दिवा लागला. मी मल्टिमीटर काढून ठेवणार होतो, पण तो सेलच्या वाटेत जोडलेलाच होता आणि त्यावर ६२ मिलिअँपिअर दिसत होते. प्रवाह सेलमध्ये शिरत होता. आयसीने काम संपवल्याचे सांगितले होते, तरी सेल भरत होता. सुरुवातीला मीटर खराब असेल असे वाटले. दुसऱ्या मीटरने सेलचे व्होल्टेज पाहिले : ४.२० व्होल्ट. पाऊण तासाने ४.२३. तेव्हा मी अ‍ॅडॅप्टरची पिन ओढून काढली.

कारण शोधायला रात्रीचे अकरा वाजले. मॉस्फेटमध्ये बनावटीमुळे एक डायोड आपोआप असतो आणि पी-चॅनेलमध्ये तो ड्रेन या पायाकडून सोर्स या पायाकडे प्रवाह जाऊ देतो. ड्रेन सेलकडे आणि सोर्स यंत्राकडे असायला हवा. मी नेमके उलट जोडले होते. एओ३४०१ च्या एकट्या बाजूचा पाय ड्रेन आहे आणि तो मी यंत्राकडे लावला होता. त्यामुळे मॉस्फेट बंद असतानाही अ‍ॅडॅप्टर, शॉट्की डायोड आणि हा आतला डायोड या वाटेने थेट सेलमध्ये प्रवाह जात होता. या वाटेवर ना प्रवाहाची मर्यादा होती, ना ४.२ व्होल्टची, ना मी एवढ्या मेहनतीने जोडलेल्या थर्मिस्टरची. आमचा अ‍ॅडॅप्टर मोजल्यावर ५.१५ व्होल्ट देतो. प्रवाह कमी होत जातो तसा दोन्ही डायोडांवरचा ड्रॉपही कमी होतो, म्हणून सेल ४.३ च्याही पुढे सरकू शकला असता.

यातली सर्वांत वाईट बाब ही की सर्किट वरवर उत्तम चालत होते. उलट जोडणीतही वीज गेल्यावर मॉस्फेट चालू होत होता आणि यंत्र बंद पडत नव्हते. दिवे बरोबर लागत होते. आम्ही जे जे तपासले ते बरोबर होते, कारण यंत्र चालते का एवढेच आम्ही तपासले होते आणि नको त्या वाटेने काही जाते का हे पाहिलेच नव्हते.

२२ मार्च

मॉस्फेट फिरवून बसवला. या चुकीसाठी एक स्वतंत्र चाचणी लिहून ठेवली आहे : चार्जर मॉड्यूल काढून टाकायचे, सेलच्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा, अ‍ॅडॅप्टर लावायचा आणि रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजायचे. जुन्या जोडणीत ते ४.४ व्होल्ट येत होते, आता २ मिलिव्होल्ट येते. पुढे जोडलेल्या प्रत्येक बोर्डाने ही चाचणी सेल लावण्याआधी पार केलीच पाहिजे.

त्यानंतर मॉड्यूलवरच्या दुसऱ्या संरक्षणाकडे वळलो. डीडब्ल्यू०१ए ही आयसी एफएस८२०५ए या जोड-मॉस्फेटमार्फत सेल तोडते. सेलच्या जागी प्रयोगशाळेतला पॉवर सप्लाय लावून व्होल्टेज शंभरांशाने वाढवत नेले. ४.२८ व्होल्टवर चार्जिंगच्या मॉस्फेटचे गेट खाली आले. खालच्या बाजूला २.४२ व्होल्टवर पुरवठा तुटला. ही खालची मर्यादा मला फार खोल वाटते, म्हणून ३.२ व्होल्टवर ईएसपी३२ ला झोपवण्याची सूचना प्रोग्रॅममध्ये घातली आहे आणि डीडब्ल्यू०१ए हा शेवटचा पहारेकरी ठेवला आहे. एक गंमतही कळली : नवा सेल जोडल्यावर बोर्डाच्या आउटपुटला शून्य व्होल्ट आले आणि सगळे घाबरले. ही आयसी तशा अवस्थेत झोपलेली असू शकते, आणि एकदा चार्जर लावला की जागी होते.

सेलच्या धन टोकावर ७७ अंशांना कायमचा तुटून प्रवाह बंद करणारा थर्मल फ्यूजही टाकला. पहिला फ्यूज सोल्डर करतानाच गेला, कारण सोल्डरिंग आयर्नची उष्णता त्याला अर्थातच ७७ च्या वर नेते. दुसऱ्याच्या वेळी पाय पकडीत धरून उष्णता तिथेच अडवली.

२९ मार्च

सुधारित बोर्डावर चार्जिंगची पूर्ण फेरी मोजली. सुरुवात ३.३१ व्होल्टवर झाली. चार तास वीस मिनिटे स्थिर प्रवाह राहिला आणि पुढचा टप्पा सुमारे दीड तासाचा झाला. ५२ मिलिअँपिअरवर आयसी थांबली, मीटर शून्यावर आला आणि मी तो आणखी तासभर पाहत बसलो. सेलचे तापमान खोलीपेक्षा ३ अंशांनीच वर गेले. पहिला टप्पा संपला तेव्हा बोर्डावर ४.२० आणि प्रत्यक्ष सेलवर ४.१६ व्होल्ट होते, म्हणजे ४० मिलिव्होल्ट वायरीत आणि जोडांत जात होते. वायर जाड आणि आखूड केली.

१८ तारखेला ४.२३ पर्यंत गेलेला सेल फुगलेला नाही आणि गरमही होत नाही, तरीही तो आम्ही वापरणार नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ९८०० वाल्यासोबत ई-कचऱ्याच्या डब्यात दिला.

५ एप्रिल

मार्गदर्शक सरांपुढे सादरीकरण झाले. त्यांनी विचारले, "एवढ्या उन्हात ठेवायचे आहे तर लिथियम आयर्न फॉस्फेट का घेतला नाही?" प्रश्न रास्त आहे. तो सेल उष्णता अधिक सहन करतो आणि ३.६५ व्होल्टवर पूर्ण भरतो. त्याचे व्होल्टेज बराच काळ सपाट राहत असल्याने किती चार्ज उरला हे ओळखणे कठीण जाते, हे कारण मी दिले. खरे कारण असे की आम्ही फेब्रुवारीत मॉड्यूल आधी घेतले आणि विचार नंतर केला, आणि हे मॉड्यूल त्या सेलला चालत नाही, कारण ते त्याला ४.२ पर्यंत नेईल. आज नव्याने सुरुवात करायची असती तर मी फॉस्फेट घेतला असता, हेही सरांना सांगितले. अहवालात ते लिहा, असे ते म्हणाले.

१२ एप्रिल

वाकडेवाडीहून एस.टी.ने नारायणगाव आणि तिथून पुढे काकांच्या गावी पोचलो. डबा पत्र्याचा आहे, आत सेल आणि चार्जर यांच्यामध्ये सिमेंट शीटचा तुकडा आहे. बाहेरच्या खांबावर, चाळीपासून चार हात अंतरावर, उत्तरेच्या बाजूला तो बसवला. काकांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि "आता हा पेटला तर?" असे पुन्हा विचारले. या वेळी मी त्यांना डबा उघडून एकेक भाग दाखवला आणि कोणता भाग कशासाठी थांबतो ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि खांबाभोवतीचे वाळलेले गवत स्वतः काढून टाकले. ते आमच्या यादीत नव्हते.

१९ एप्रिल

पहिल्या आठवड्याची नोंद आली. बुधवारी दुपारी एक ते तीन वीज नव्हती आणि यंत्र सेलवर चालले. वीज आली तेव्हा सेलचे तापमान ४४.६ अंश होते. चार्जिंग सुरू झाले नाही. यंत्र अ‍ॅडॅप्टरवर चालू राहिले, सेल ३.९८ व्होल्टवर तसाच राहिला. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तापमान ४३.५ वर आले आणि चार्जिंग सुरू झाले. डब्यावर सावलीसाठी गोणपाट टाकू का, असे काकांनी फोनवर विचारले. गोणपाट नको, दोन विटांवर टेकवून एक कौल ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल, असे त्यांना कळवले आहे.